पोचा-संरक्षण योजना आणि डेलाचं सामान

गावात कुणी नवी गाडी घ्यायला निघालं की आधी माझ्याकडे येतं. मला गाड्यांतलं काही कळतं अशी कुणाचीच समजूत नाही. मी शाळेत बँड शिकवतो, गेली तेहतीस वर्षं, आणि माझ्याच गाडीतला खडखडाट कुठून येतो हे मला आजवर सांगता आलेलं नाही. लोक येतात ते पोचा-संरक्षण योजना घ्यावी की नाही हे विचारायला. नेब्रास्काच्या या भागात ती योजना सगळ्यांत जास्त वापरणारा, निदान वापरायचा सगळ्यांत जास्त प्रयत्न करणारा इसम मीच, असं माझा शेजारी जीन ओस्ट्रँडर सगळीकडे सांगत फिरतो. तेव्हा एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकतो, म्हणजे दर शनिवारी माझी कॉफी थंड व्हायची थांबेल.

मी गाडी घेतली गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. गाडी पसंत झाली, किमतीची घासाघीस झाली, हात मिळवून झाले, आणि मग रिवाजाप्रमाणे मला मागच्या एका छोट्या खोलीत नेऊन बसवलं. गाडी विकणारा माणूस वेगळा आणि त्या खोलीतला माणूस वेगळा. खोलीतला माणूस काही विकत नाही, तो फक्त तुमची काळजी करतो. माझी काळजी करायला ट्रेंट बसला होता. हा माझाच विद्यार्थी. पाच वर्षं त्याने माझ्या बँडमध्ये क्लॅरिनेट हातात धरली. वाजवली असं म्हणणं धाडसाचं होईल. अख्खा बँड थांबला की अर्ध्या ठोक्याने ट्रेंट थांबायचा. त्या दिवशी मात्र तो माझ्या चांगला दोन ठोके पुढे होता.

आधी त्याने टायरची योजना सुचवली, मग काचांची, मग बैठकीवर सरबत सांडलं तर त्याची, मग किल्ली हरवली तर तिची. मी प्रत्येक वेळी शिक्षकाला शोभेल अशा गांभीर्याने मान हलवली. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "सर, गाडी ठेवणार कुठे?"

"घरासमोर."

"गॅरेज नाही?"

"आहे."

"मग?"

"भरलेलं आहे."

ट्रेंटने पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली. तुमच्यासारख्या माणसाची गाडी बारा महिने उघड्यावर राहणार या विचाराने आपल्याला झोप लागणार नाही, असं तो म्हणाला. हा मुलगा पाच वर्षं माझ्या प्रत्येक तालमीत झोपला होता, त्यामुळे त्याची झोप उडाल्याचं ऐकून मला जरा बरंच वाटलं. योजना अशी होती: तीन वर्षं, कितीही पोचे पडोत, आपण फक्त फोन करायचा. कारागीर घरी येतो, पत्र्याच्या मागून सळई घालून पोचा बाहेर ढकलतो, रंगाला हातसुद्धा लावत नाही. मी सही केली. का केली ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

गॅरेजमध्ये डेलाचं सामान होतं. डेला माझी मुलगी, एकुलती एक. चार वर्षांपूर्वी ती ओरेगॉनला समुद्रकाठी माशांच्या खात्यात नोकरीला गेली, तेव्हा "बाबा, दोन-तीन महिने राहू दे इथे, मग येऊन नेते," म्हणाली होती. तिची आई त्याच्या तीन वर्षं आधी गेलेली, त्यामुळे घरात मी एकटा आणि गॅरेजमध्ये हे सामान. आमचं गॅरेज जुन्या घरांचं असतं तसं एका गाडीपुरतंच. त्यात अकरा खोकी, ड्रमचा संच, बसल्या जागी चालवायची सायकल, जिल्ह्याच्या जत्रेत बक्षीस मिळवणाऱ्या सशांचा तीन मजली पिंजरा आणि एक निळी होडी. आमच्या प्लॅट नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी असतं. होडी नेब्रास्कात आणि मुलगी समुद्रावर, ही गोष्ट पोस्टमनपासून पाद्र्यांपर्यंत सगळ्यांनी माझ्या लक्षात आणून दिलेली आहे.

दर दुसऱ्या रविवारी तिचा फोन यायचा. मी इकडचं हवामान सांगायचो, ती तिकडचं सांगायची. ठेवताना मी म्हणायचो, "तुझं सामान आहे हं इथे," आणि ती म्हणायची, "हो बाबा, येऊन नेते." शेवटची आली ती दोन ख्रिसमसांपूर्वी, विमानाने, पाठीवर एक पिशवी घेऊन. पण सामान आहे तोवर कधी ना कधी तिला गाडी घेऊन यावंच लागणार, असं मी धरून चाललो होतो. गॅरेज रिकामं झालं की तिने यायचं कशासाठी? मला ती फार हवी होती, आणि तिला तसं सांगायची मला सोय नव्हती, म्हणून मी तिची होडी सांभाळत होतो. हे काही ट्रेंटला सांगण्यासारखं नव्हतं.

योजनेची पुस्तिका घेऊन घरी आलो तर पायरीवर जीन बसलेला. जीन निवृत्त आहे. चाळीस वर्षं तो पीक-विमा कंपनीत गारपिटीचा पंच होता. गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी मक्याच्या शेतात गुडघे टेकून बसायचं, पानं मोजायची आणि पीक किती गेलं, किती अजून उभं राहील हे सांगायचं, हे त्याचं काम. असा माणूस कुठलाही कागद पाठीमागून वाचतो. पुढच्या पानांवर कंपनी काय देते ते असतं आणि मागच्या पानांवर काय देत नाही ते, आणि जीनच्या मते साहित्य म्हणावं असं मागेच असतं. तो चवीचवीने वाचत होता. बँकेच्या कार्डापेक्षा मोठा पोचा योजनेत बसत नाही. रंगाला तडा गेला तर बसत नाही. पत्र्याच्या कडेला पडलेला बसत नाही. नवव्या पानावर तो थांबला.

"मर्ल, यात गारा बसत नाहीत."

"बरं मग?"

"बरं मग काय? नेब्रास्कात गाडीला पोचे दुसऱ्या कशाने पडतात रे?"

मी म्हणालो, पडतात की, किराण्याच्या ढकलगाड्यांनी पडतात. जीनने पुस्तिका मिटली आणि गॅरेज साफ करायचा आपला आराखडा मला सांगितला: एक शनिवार, दोन माणसं, एक ट्रक, तीन तास. त्याची बायको लव्हॉन दुधी-काकडीसारख्या कसल्याशा भाजीचा गोड पाव घेऊन आली आणि तिनेही तोच आराखडा सांगितला, फक्त त्यात मधे जेवणाची सुट्टी होती. शाळेतल्या कारकुनाने भाड्याच्या कोठाराचा पत्ता दिला. पाद्र्यांनी चर्चच्या जुन्या बाजाराची तारीख कळवली. मी सगळ्यांना "बघू" म्हणालो. हा शब्द मी चार वर्षांत इतका वापरला होता की त्याला आता माझ्या आवाजाची सवय झाली होती.

पहिला पोचा नवव्या दिवशी पडला, तोही अगदी मी म्हणालो तसा, किराण्याच्या ढकलगाडीने. मला जवळजवळ आनंदच झाला. तिथूनच फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं, त्यात तुतारीवाला सबंध वेळ पाव सूर उतरलेला, आणि हे कंपनीला कळवायची सोय नव्हती. मग फोनवर डार्सी नावाच्या बाई आल्या. आवाजावरून भल्या वाटल्या, आणि होत्याही. त्यांनी मला बँकेचं कार्ड पोच्यावर धरायला सांगितलं. पोचा एका बाजूने नखभर बाहेर राहत होता. "तिरपं धरून बघा," त्या म्हणाल्या. तिरपं धरलं तर दुसऱ्या बाजूने बाहेर. मी दुकानासमोर, गाड्या लावायच्या मैदानात, आपल्याच गाडीच्या दारापुढे वाकून कार्ड गोल गोल फिरवतो आहे, आणि आजूबाजूने माझे आजी-माजी विद्यार्थी पिशव्या घेऊन चालले आहेत. एकाने थांबून विचारलं, "सर, कार्ड घेत नाहीये का?"

तो पोचा बसला नाही. दुसरा शाळेच्या फाटकात ट्राँबोनच्या पेटीचा कोपरा लागून पडला. रंगाला केसाएवढा तडा, म्हणून तोही बसला नाही. पेटी माझीच होती, माझ्याच हातात होती, हे मी डार्सीबाईंना उगाचच प्रामाणिकपणे सांगितलं. तिसरा ऑक्टोबरात. आमच्या दारातल्या कुंपणाच्या झाडाला मुठीएवढी हिरवी, दगडासारखी फळं लागतात. ती माणूस खात नाही, खार खात नाही, ती केवळ पडण्यासाठी येतात. त्यातलं एक बरोबर बॉनेटच्या मध्यावर पडलं. कार्ड ठेवलं, पोचा गायब. रंग शाबूत. कड लांब. फोनवर डार्सीबाईंना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. अडचण एवढीच होती की आमच्या विभागात कंपनीचा कारागीर नव्हता.

"मग कधी येईल?"

"आला की लगेच येईल," त्या म्हणाल्या.

सात महिने तो पोचा आमच्याकडे राहिला. हिवाळ्यात त्यात बर्फ साठायचं, ऊन पडलं की पाणी व्हायचं, आणि चिमण्या येऊन प्यायच्या. रविवारी फोनवर हवामान संपलं की मी डेलाला चिमण्यांचं सांगायचो. ती हसायची. मार्चमध्ये एकदा तिचा फोन आलाच नाही. नंतर तिने सांगितलं, काही कागदांच्या मागे होते, विसरून गेले. मी म्हणालो, छे छे, त्यात काय. मग जाऊन गॅरेजचं दार उघडलं, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघितलं आणि दार लावलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी साडेचारला आभाळ हिरवं झालं. असं आभाळ म्हणजे गारा येणार, त्यामुळे आमच्या गल्लीत मग कुणी कुणाला हाक मारत नाही. जो तो घरात शिरतो आणि हातात येतील त्या गोधड्या घेऊन आपल्या गाडीकडे धावतो. लव्हॉनच्या दोन गोधड्या खास गाडीच्या, दारामागे खुंटीला टांगलेल्या. माझ्या घरातल्या गोधड्या डेलाच्या खोक्यात होत्या. तिच्या आईने शिवलेल्या, तिने स्वतः बांधलेल्या, वर तिच्या अक्षरात काळ्या शाईने 'आईच्या गोधड्या' असं लिहिलेलं. मी सुरी घेऊन त्या खोक्यासमोर उभा राहिलो. चिकटपट्टी तिने दाताने तोडलेली दिसत होती. लहानपणापासून ती तसंच करते. ती काही माझ्याने कापवेना.

तेवढ्यात आठवलं, गाडीत मागे बँडचे गणवेश आहेत, धुलाईला द्यायचे म्हणून ठेवलेले. लाल बनातीचे बावीस कोट, प्रत्येकावर पितळी बटणांच्या दोन ओळी. मी ते भराभर गाडीवर पसरले, बाह्या बाह्यांना बांधल्या. लांबून पाहणाऱ्याला अख्खा बँड माझ्या गाडीवर पालथा पडून रडतो आहे असं वाटलं असतं. गारा आठ मिनिटं पडल्या. कोट हलले नाहीत. मला माझा असा अभिमान फार दिवसांनी वाटला.

मग मी एक कोट उचलला. गाडीवर, प्रत्येक बटणाखाली, बटणाएवढा एक गोल पोचा होता. ओळीने, दोन-दोन. जीन चष्मा आणि भिंग घेऊन आला, गाडीभोवती गुडघ्यांवर फिरला आणि एकशे एकतीस असा आकडा सांगितला. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी शिस्तीत झालेली गारपीट आपण पाहिली नाही, असंही म्हणाला.

डार्सीबाई म्हणाल्या, गारा बसत नाहीत, पान नऊ. मी म्हणालो, बाई, गार माझ्या गाडीला लागलेलीच नाही. गार कोटाला लागली. गाडीला लागलं ते बटण. पान नऊवर बटणाचा उल्लेख नाही. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, वर विचारते. वरून पत्र आलं, बटणाचा नमुना पाठवा. पाठवला. मग एक अर्ज आला. त्यात प्रश्न होता, 'सदर वस्तू त्या वेळी खाली पडत होती, उडत होती, की ढकलली गेली होती?' मी खरं ते लिहिलं, की सदर वस्तू स्वस्थ पडून होती. तीन आठवड्यांनी निकाल लागला. बटणांचा दावा मान्य. मात्र एका प्रसंगाला जास्तीत जास्त तीन पोचे. एकशे एकतीसांतले तीन कुठले, ते ग्राहकाने ठरवावं. गल्लीतल्या यच्चयावत लोकांनी येऊन आपापली पसंती सांगितली. लव्हॉनने तर एकाला स्वतः खडूने खूण केली.

एव्हाना गावात बाहेरचे कारागीर येऊन उतरले होते. हे लोक दक्षिणेकडून गारांच्या मागोमाग गावोगाव फिरतात. त्यांच्यातल्याच एकाला कंपनीने आमच्याकडे पाठवलं. रूबेन सालसीदो, पस्तिशीचा, टेक्ससचा. बोलणं कमी आणि हात हलका. पोचा नीट दिसायला अंधार आणि एक दिवा लागतो, म्हणून तो म्हणाला, "साहेब, गाडी आत घेऊ या." मी काही बोलायच्या आत त्याने गॅरेजचं दार वर केलं आणि तसाच उभा राहिला.

"कुणाचं?"

"मुलीचं. येणार आहे न्यायला."

"कधी?"

"येणार आहे," मी म्हणालो.

त्याने दार पुन्हा खाली ओढलं. गाडीवर एक काळी ताडपत्री तंबूसारखी बांधली आणि आत शिरून काम करायला लागला. मी दिवा धरून बसलो होतो. बऱ्याच वेळाने, पत्र्याकडेच बघत तो म्हणाला, "माझ्या आईनेपण माझी खोली तशीच ठेवलीय. बूटसुद्धा हलवत नाही. मी दर वेळी सांगतो, येतो."

"आणि जातोस?"

"गारा पडतात तिकडे जातो मी, साहेब. आईच्या गावाला गारा पडत नाहीत."

फळाचा पोचा आणि बटणांचे तीन, असे चार पोचे त्याने इतके बेमालूम काढले, की त्या सपाट जागांमुळे उरलेले एकशे अठ्ठावीस आणखी उठून दिसायला लागले. जाताना तो माझा हात हातात घेऊन जरा जास्तच वेळ उभा राहिला. मी त्याला लव्हॉनचा पाव बांधून दिला. आईला फोन कर असं सांगायचं तोंडावर आलं होतं, पण आपण कोण सांगणारे.

हे सगळं जीन कुंपणापलीकडून बघत होता. त्याने काय करावं? मला न विचारता त्याने डेलाला फोन लावला. तुझ्या सामानापायी तुझ्या बापाच्या नव्या गाडीची चाळणी झालीय, असं या भल्या माणसाने तिला सांगितलं. मला हे कळलं ते डेलाच्या फोनवरून, आणि तोही मधल्याच बुधवारी.

"बाबा, जीनकाकांनी सगळं सांगितलं. मला बोलला का नाहीस? मी येतेय. पुढच्या शुक्रवारी. ट्रेलर घेऊन."

मी जीनशी दोन दिवस बोललो नाही. हे कठीण होतं, कारण तो दिवसभर कुंपणापाशीच गवताला पाणी घालत असतो. तिसऱ्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं, की ती येतेय. कशासाठी का असेना, येतेय. मी गवत दोनदा कापलं. तिच्या आवडीचे कोलाची, म्हणजे खसखस भरलेले छोटे गोड पाव, आणले, इतके, की बेकरीतल्या बाईने लग्न आहे का म्हणून विचारलं. चार वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते घडत होतं, आणि मी गॅरेजकडे बघायचं टाळत होतो.

डेला शुक्रवारी संध्याकाळी आली. अडीच दिवस गाडी चालवून, मागे भाड्याचा ट्रेलर ओढत. तिची गाडी माझ्या गाडीपेक्षा पंधरा वर्षांनी म्हातारी. उतरली आणि मला मिठी मारून म्हणाली, "बारीक झालास." मग माझी गाडी बघितली. बटणांच्या ओळींवरून हात फिरवला. हसू आवरायचा प्रयत्न केला, तो जमला नाही आणि शेवटी हसत हसत पायरीवरच बसली. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, हे सगळं माझ्या सामानामुळे?" मी म्हणालो, मुख्यतः बटणांमुळे.

शनिवारी जेवणानंतर सामान हलवायला सुरुवात झाली. जीनचा आराखडा बरोबर होता, तीन तास पुरले. खरं तर दोन तास चाळीस मिनिटंच लागली, आणि ती वीस मिनिटं वाचल्याचं त्याने मला चारदा सांगितलं. मीच मधेमधे अडथळा आणत होतो. पिंजरा खरंच न्यायचा का? ड्रम भिजले तर? ही सायकल तिकडे समुद्रकाठी काय कामाची? डेला प्रत्येक वेळी शांतपणे "नेते बाबा" म्हणायची आणि उचलायची. होडी सगळ्यांत शेवटी गेली. मग तिने ट्रेलर सोडवून कडेला लावला, झाडू घेतला आणि गॅरेज स्वच्छ झाडून काढलं. एवढीशी खोली ती, पण रिकामी झाल्यावर केवढी मोठी दिसत होती. जीन म्हणाला, "आता घाल गाडी आत," आणि आपलं काम झालं अशा चेहऱ्याने घरी गेला.

अजून पाच वाजायचे होते. डेलाने वर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आभाळ."

आभाळ हिरवं होतं. गल्लीत दारं उघडली, लोक गोधड्या घेऊन धावायला लागले. डेला म्हणाली, "किल्ली दे, तुझी गाडी आत घेते."

"तुझी घे."

"माझ्या गाडीचं काय बिघडणार आहे? आधीच भंगार आहे ती."

"तुला त्यातूनच अडीच दिवस परत जायचंय. काच फुटली तर? माझ्या गाडीला योजना आहे."

"योजनेत गारा बसत नाहीत. जीनकाकांनी सांगितलंय मला. पान नऊ."

"डेला, तुझी गाडी आत घे," मी म्हणालो. बँडच्या पोरांना वापरतो तो आवाज मी घरात कधी वापरला नव्हता. तिने निमूटपणे तिची गाडी आत घेतली.

आम्ही दोघं दारापाशी उभे राहिलो, तिच्या गाडीला टेकून, आणि समोर माझ्या गाडीवर गारा पडायला लागल्या. लिंबाएवढ्या. उरलेले बटणांचे पोचे त्यात एकेक करून हरवत गेले. जीन आपल्या खिडकीतून हातवारे करून मला काहीतरी सांगत होता. मी त्याला हात हलवून दाखवला. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता, आणि तो तसाच लपवून ठेवणं आता मला जमेना.

"तुझं सामान मी मुद्दाम काढत नव्हतो," मी म्हणालो. गारांच्या आवाजात जरा ओरडूनच सांगावं लागलं. "ते होतं तोवर तू येशील असं वाटायचं."

तिने पायाशी घरंगळत आलेली एक गार उचलली. मग म्हणाली, "मीपण मुद्दामच नेत नव्हते. ते इथे आहे तोवर मी घर सोडलेलं नाहीये, असं वाटायचं मला."

"मग आता का नेतेस?"

"मी तिकडे घर घेतलंय, बाबा. मार्चमध्ये. तुला फोनवर सांगता येईना. दर वेळी म्हणायचे आज सांगू, आणि तू चिमण्यांचं सांगायला लागायचास."

मी म्हणालो, अरे वा. मग विचारलं, गॅरेज आहे का? आहे म्हणाली, दोन गाड्यांचं. मी म्हणालो, हे उत्तम झालं, गॅरेज असलेलं बरं. तिने माझा दंड धरला होता, आणि गारा थांबल्या तरी सोडला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते. नक्की. न्यायला काही नसलं तरी."

सोमवारी सकाळी ती गेली. ट्रेलर कोपऱ्यावरून वळताना होडीचं निळं टोक मागच्या फटीतून दिसत होतं. मी थोडा वेळ रस्त्यावरच उभा राहिलो, मग शाळेत गेलो, आणि तिथे गेल्यावर लक्षात आलं की सुट्टी लागलेली आहे.

आता योजना घ्यावी की नाही, हा मूळ प्रश्न. गॅरेज असेल आणि ते रिकामं असेल, तर घेऊ नका. गॅरेज नसेल आणि तुम्ही नेब्रास्कात राहत असाल, तरीही घेऊ नका. पान नऊ वाचा. गेल्याच आठवड्यात ट्रेंटचा फोन आला होता, ही योजना आणखी तीन वर्षांनी वाढवता येते म्हणून. मी वाढवली. ही बातमी जीनपर्यंत पोचायला दुपार लागली नाही. तो कुंपण ओलांडून आला, माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, मग गॅरेजचं दार वर करून आत डोकावला. आत झाडलेली जमीन, दुसरं काही नाही.

"मर्ल, गॅरेज रिकामं आहे."

"माहितीये."

"मग गाडी बाहेर का उभी आहे?"

मी त्याला सांगितलं, डेला येणार आहे. अडीच दिवस गाडी चालवून येईल, जुनी गाडी आहे, आल्या आल्या आत घ्यायला जागा नको का?

"कधी येणार आहे?"

"थँक्सगिव्हिंगला."

जीनने टोपी काढली, डोकं खाजवलं. माझ्याकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "मर्ल, आज जून आहे. आणि नोव्हेंबरात आपल्याकडे गारा पडत नाहीत रे. चाळीस वर्षांत मी एकदाही बघितल्या नाहीत."

"ते खरं," मी म्हणालो. "पण ती लवकर आली तर?"